पितळी गुंडाची झेरॉक्स

नऊ वर्षं आमच्या घरात कोणी आजारी पडलं नाही, आणि याचं दुःख आमच्या ह्यांना फार होतं.

१९९९ साली आमगावला एका लग्नाच्या पंगतीत भैयालाल नावाच्या विमा एजंटाने ह्यांना वरण आणि मठ्ठा यांच्या मधल्या वेळात गाठलं. शेजारच्याच पाटावर माझे धाकटे दीर केशोराव जेवत होते. भैयालालने दोघा भावांना, आपापल्या बायकांसकट, एकाच दमात आजारपणाचा विमा विकला. मठ्ठा येईपर्यंत अर्ज भरूनही झाले होते. वाढप्याने ह्यांच्या अर्जावर थोडं वरण सांडलं, तो पिवळा डाग अजून त्या कागदावर आहे.

हे चोरखमाऱ्याच्या तलावावर पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं होते. त्यामुळे त्यांच्या डोक्यात जगाचा एकच नियम पक्का बसलेला. पाणीपट्टी भरली की धानाच्या बांधीत पाणी सुटलं पाहिजे. इथे हे दरवर्षी पट्टी भरत होते आणि पाणी काही सुटत नव्हतं. मार्चमध्ये हप्ता भरून आले की जेवताना माझ्याकडे टक लावून बघत.

"पोटात कधी दुखत नाही तुझ्या?"

"नाही."

"छातीत?"

"नाही जी."

"बघ बा, लपवू नको."

शेजारच्या सुशीलाबाईंनाही आमची कीव यायची. "एवढे पैसे भरता आन कोनालेच काई नाही होत? मंग कायचा विमा आहे वो हा?" असं त्या कुंपणावरून विचारत, तेव्हा मला खरंच अपराध्यासारखं वाटे. त्यांच्या घरी विमा नव्हता, आणि मूळव्याधीपासून काविळीपर्यंत सगळं होतं.

त्यात २००८ साल उजाडलं. मार्चअखेर पॉलिसीचं वर्ष संपणार होतं आणि मी साठीला आल्यामुळे पुढचा हप्ता दुपटीच्याही वर जाणार होता. ह्यांनी जाहीर केलं की आता एक पैसा भरायचा नाही. म्हणजे जे काही व्हायचं ते ३१ मार्चच्या आत व्हायला हवं होतं.

आणि झालं. संक्रांतीला माझी धाकटी जाऊ शामकला, म्हणजे केशोरावांची बायको, आमगावहून जेवायला आली होती. आम्हा दोघींचं लग्न १९६४ साली एकाच मांडवात लागलं. दोघे भाऊ, दोघी नवऱ्या, एकच जेवणावळ. सासऱ्यांची सोय झाली आणि आम्ही जन्मभरासाठी एकमेकींशी तोलल्या गेलो. त्या दिवशी तिने माझ्या हातच्या भाताचा पहिला घास घेतला आणि कट्ट असा आवाज झाला. तिने तोंडातून खडा काढला, सगळ्यांना दिसेल असा ताटाच्या काठावर ठेवला आणि म्हणाली, "बाई, तुमाले आता दिसत नाही वाटते."

धानाच्या मुलखातली बाई मी. कांडप करून आलेला तांदूळ सुपात नुसता हलवून त्याची जात सांगायची. आणि माझ्या भातात खडा! मी म्हटलं, "माझे डोरे चांगले आहेत." पण रात्री सुईत दोरा ओवायला बसले तर एका सुईला दोन भोकं दिसत होती आणि दोरा दोन्हींतून जात नव्हता.

डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू, डावा पिकला आहे, फार थांबू नका. हे दवाखान्यातून बाहेर पडले ते थेट मिठाईच्या दुकानात. अर्धा किलो पेढे घेतले. गल्लीत ज्याला त्याला पेढा देऊन सांगत होते, "हिला मोतीबिंदू झाला." घेणाऱ्याला तोंड कसं करावं ते कळत नव्हतं. पेढा तर गोड होता.

मग सल्ल्यांना सुरुवात झाली. सुशीलाबाई म्हणाल्या, डोऱ्यात मध घाला. पलीकडचे बकाराम, रेल्वेतून फाटकवाले म्हणून निवृत्त झालेले, ते तर रोज सकाळी येऊन उभे राहू लागले. त्यांचा डोळा मागच्या वर्षी सरकारी शिबिरात फुकट झाला होता.

"सरकारी डोरा आहे माहा. एक रुपया नाही लागला. इचारा, त्या कॅलेंडरावर का लिवला आहे?"

"काय लिहिलं आहे?" मी आपलं विचारायची.

ते एक डोळा मिटून एकादशी, प्रदोष आणि खाली बारीक अक्षरातलं छापखान्याचं नावसुद्धा वाचून दाखवत. ह्यांना ते फार लागे. "आम्ही पैसे भरले आहेत बकारामजी. आमचा डोळा कंपनी करेल."

"तुमची मर्जी. पन सरकारी डोरा मजबूत राहते."

भैयालाल आता पोट सुटलेला, मोटारसायकलवाला झाला होता. त्याने समजावून सांगितलं की दवाखान्यात एक पैसा द्यायचा नाही. इथल्या ऑफिसने होकाराचा शिक्का मारला की नागपूरहून फॅक्स येतो आणि कंपनी परस्पर अठरा हजार भरते. फक्त एक करायचं. "साहेबांनी इचारला का केव्हापासून कमी दिसते, तर सहा महिने म्हना. जास्त नाही, कमी नाही." मी आठवडाभर 'सहा महिने' घोकत होते. खोटं बोलायची सवय नसली की माणसाला फार अभ्यास करावा लागतो.

ऑफिस बाजारात, एका कापडाच्या दुकानाच्या वर होतं. जिना इतका उभा की गुडघ्याचा विमाही तिथेच काढावा. साहेबांचं नाव चौबे. निवृत्तीला आलेले, भला माणूस, चष्मा कपाळावर. त्यांनी 'केव्हापासून' विचारलंच नाही. माझे सहा महिने वाया गेले. त्यांनी वयाचा दाखला मागितला. मी चौथीचा शाळा सोडल्याचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून दिला.

चौबे साहेबांनी तो पाहिला, पॉलिसी पाहिली, पुन्हा दाखला पाहिला.

"माताजी, ये तो दो औरतें हैं."

"कोण दोन?"

"पॉलिसी फुलवंताबाई की है. दाखला अन्नपूर्णा का. ऑपरेशन किस की आँख का है?"

मी हसले. मला वाटलं, एवढं साधं आहे. माहेरची अन्नपूर्णा, लग्नात नाव बदललं, फुलवंता झाले. आमच्यात तेव्हा सगळ्याच मुलींचं होई. मी तसं सांगितलं.

"ठीक है. पति का नाम बताइए, मैं मिला लेता हूँ."

आता आली का पंचाईत! चव्वेचाळीस वर्षांत मी ह्यांचं नाव घेतलं नव्हतं. गृहप्रवेशाला आणि डोहाळजेवणाला उखाण्यात घेतलं तेवढंच. भर दुपारी, कापडाच्या दुकानावर, परक्या पुरुषासमोर नुसतं नाव कसं घेऊ? मी ह्यांच्याकडे बोट दाखवलं.

"ये तो बैठे हैं. नाम?"

मी पदर सावरला. हे माझ्याकडे बघत होते. भैयालाल कुजबुजला, "काकू, घ्या ना नाव." माझ्या तोंडून निघालं, "तेच. पाटबंधारेवाले."

चौबे साहेबांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "देखिए हुकुमचंदजी, बुरा मत मानिए. कहीं ऐसा तो नहीं कि पहली पत्नी अन्नपूर्णा थीं, और ये दूसरी हैं?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. माणसाने अशा वेळी उसळून उठावं की नाही? हे उसळले नाहीत. मिशीवरून हात फिरवत किंचित हसले. साठी उलटलेल्या माणसाला कोणी दोन बायकांचा मान दिला तर तो इतक्या लवकर परत करवत नसावा. जिना उतरेपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि उतरल्यावर मात्र पुष्कळ बोलले.

लग्नाचा पुरावा आणा, असं चौबे साहेबांचं म्हणणं. पत्रिका आमच्या लग्नाची नव्हती, निमंत्रणं तोंडी गेली. फोटो होता, त्याला वाळवी लागून दोन्ही नवरदेवांचे फेटे तेवढे उरले होते. तहसीलसमोर बसणाऱ्या अर्जनवीसाने प्रतिज्ञापत्र टाईप करून दिलं. चौबे साहेब म्हणाले, ये तो आप खुद अपने बारे में बोल रही हैं. लग्नात हजर असलेला साक्षीदार आठवायला बसलो तर एकेकाची मयत कशी कुठे झाली तेच आठवत गेलं. शेवटी लग्नाला हजर असलेले चौघेच उरले, आम्ही दोघं आणि केशोराव-शामकला. केशोराव अंथरुणाला खिळलेले. आणि शामकलेकडे मी साक्ष मागायला जाणार नव्हते. खडा अजून माझ्या डोळ्यांपुढे होता. जेवढं दिसत होतं तेवढ्यात तोच जास्त दिसत होता.

मार्चची वीस तारीख झाली. हे दिवसातून तीनदा कॅलेंडराकडे बघत. मी मनात म्हटलं, चालली आपली नऊ वर्षांची पाणीपट्टी वाहून, आणि डोळाही गेला.

त्या सकाळी पाणी भरताना हात गुंडावर पडला आणि मी तिथेच थबकले. गुंड म्हणजे आमच्याकडची पितळेची मोठी घागर. लग्नात सासूबाईंनी आम्हा दोघी सुनांना एकसारखे दोन गुंड दिले होते, कमीजास्त नको म्हणून. आणि गोंदियाच्या कासाराकडून त्यांवर ठिपक्यांच्या अक्षरात नावं घालून घेतली होती. वर माहेरचं नाव, खाली सासरचं. सासूबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण चौबे साहेब येणार हे त्यांना जणू चव्वेचाळीस वर्षं आधी कळलं होतं!

"अहो, पुरावा सापडला!" मी ओरडले. हे दाढीचा साबण तसाच ठेवून आले.

एक खुलासा इथेच केला पाहिजे. १९८१ साली भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा या गुंडांवरून आमचं भांडण झालं होतं. शामकलेचं म्हणणं, तिचा गुंड माझ्याकडे आला आणि माझा तिच्याकडे गेला. मी तेव्हा चारचौघांत तिला म्हटलं होतं, "तुझे डोरे फुटले का वो?" ती नंतरही दोन-तीनदा म्हणाली. मी ऐकून घेतलं नाही. भांडखोर बाईचं कोण मनावर घेतं?

तर तो गुंड चिंचेने घासून, लखलखीत करून, मी मांडीवर घेतला आणि आम्ही ऑटोने बाजारात निघालो. भांड्यांच्या ओळीतून जाताना एक दुकानदार मागे लागला, "आजी, मोडीत देता का? भाव चांगला लावतो." मी म्हटलं, हा कागद आहे.

चौबे साहेबांनी गुंड टेबलावर ठेवून घेतला. चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. चव्वेचाळीस वर्षांच्या चिंचेने अक्षरं अगदी झिजली होती. त्यांनी बोट फिरवलं. भैयालालने बोट फिरवलं. ह्यांनी खिडकीकडे वळवून पाहिलं.

"दिखता है?" चौबे साहेबांनी ह्यांना विचारलं.

"हो तर. साफ आहे," हे म्हणाले. "तुम्हाला?"

"हाँ हाँ, बिल्कुल साफ," चौबे साहेब म्हणाले. भैयालालने तर 'अन्नपूर्णा' असं वाचूनही दाखवलं. मला त्या गुंडाच्या जागी फक्त एक पिवळा चंद्र दिसत होता, पण माझं नाव मला वेगळं वाचायची गरज नव्हती.

"बढ़िया प्रूफ है. अब इसकी झेरॉक्स दे दीजिए. ओरिजिनल हम नहीं रखते."

समोरच्या झेरॉक्सवाल्याने आधी आम्हाला हात जोडले. मग ह्यांनी त्याला सरकारी कामाच्या आवाजात समजावलं, तेव्हा त्याने गुंड काचेवर आडवा धरला. झाकण मिटेना, म्हणून वरून माझी शाल टाकली. उजेड सरकला. कागद बाहेर आला तो काळाकुट्ट, मध्ये एक पांढरी कोर. दुसरा काढला, त्यात शालीची किनार उत्तम आली. तिसऱ्यात झेरॉक्सवाल्याचा अंगठा. ह्यांनी पहिलाच निवडला. चौबे साहेबांनी तो काळा कागद सरळ धरला, उलटा धरला, आणि त्यावर 'मूळ पाहून खात्री केली' असा शिक्का मारून सही केली. त्या कागदावर वाचता येण्यासारखं तेवढंच होतं.

सत्तावीस तारखेला नागपूरहून फॅक्स आला. एकोणतीसला ऑपरेशन झालं. वीस मिनिटं लागली. हे बाहेर घड्याळ लावून बसले होते. मिनिटाला नऊशे रुपये पडले म्हणून थोडे हळहळले, पण मग कंपनीचे आहेत हे आठवून त्यांना समाधान वाटलं. पॉलिसी संपायला दोन दिवस उरले होते. बकाराम बघायला आले, माझ्या डोळ्यावरच्या पट्टीकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "पट्टी तं चांगली देली कंपनीनं."

पंधरा दिवसांनी काळा चष्मा काढायची परवानगी मिळाली. काय सांगू! भिंतीचा रंग निळा होता. मला वर्षभर तो राखाडी वाटत होता. ह्यांच्या कानावरचे केससुद्धा दिसले, ते मात्र दिसले नसते तरी चाललं असतं. मी सूप घेऊन बसले आणि दोन शेर तांदळातले खडे मोजून काढले. अकरा. मग खुशीत गुंड घासायला घेतला. सकाळचं ऊन तिरपं त्याच्या पोटावर पडलं होतं आणि ठिपके एकेक करून उठून आले.

वर होतं 'सुलोचना'. खाली 'शामकला'.

मी चिंच खाली ठेवली. एका हाताने उजवा डोळा झाकून पाहिलं, मग डावा. कंपनीच्या डोळ्याने 'शामकला' दिसत होतं, घरच्या डोळ्याने काहीच दिसत नव्हतं.

ह्यांना बोलावून दाखवलं. त्यांचा चेहरा पडला. "कोणाला सांगू नको. कंपनीला कळलं तर?"

"तर काय, डोळा परत नेतील?"

"साफ आहे म्हणाला होतात ना तुम्ही?" असंही मी विचारणार होते. पण सत्तावीस वर्षं मीही काही कमी साफ पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गुंड पोत्यात घातला आणि सकाळच्या गाडीने आमगावला गेले. वाटेत माफीची चार वाक्यं जुळवली. ते 'सहा महिने' घोकण्यापेक्षा ती पाठ करायला कठीण होती.

शामकला ओसरीवर बसली होती. मी पोतं उघडून गुंड तिच्यापुढे ठेवला. ती त्यावर हात फिरवत राहिली. मी चारपैकी पहिलं वाक्य काढणार, तोच ती म्हणाली, "सापडला का?"

"तुझाच होता वो. मले दिसलाच नाही."

"सत्तावीस वर्सं सांगून राहिली मी."

"माहा गुंड कुठं आहे?"

तिने माळ्यावरून एक काळाठिक्कर गुंड काढायला लावला. कोळ्यांची घरं झटकली. पण नावं! 'अन्नपूर्णा', 'फुलवंता', कालच कोरल्यासारखी. चौबे साहेबांनी जिन्यातूनच वाचली असती.

"घासला नाहीस कधी?"

"दुसऱ्याचा गुंड मी कायले घासू?" शामकला म्हणाली.

मग जेवायला बसलो. केशोरावांना तिने आधी भरवून घेतलं होतं. नवीन तांदूळ, तुरीची डाळ, वर तूप. पहिला घास उचलला आणि भातात खडा दिसला. चांगला मुगाएवढा, पांढऱ्यावर करडा. तीन महिने मी या क्षणाची वाट पाहत होते. तो ताटाच्या काठावर, आवाज होईल असा, ठेवायचा होता. मी मान वर केली. शामकला माझ्या तोंडाकडे बघत होती, पण जरा बाजूला, कानाच्या दिशेने. तिच्या दोन्ही बुबुळांवर साय धरली होती.

"कसा झाला भात?" तिने विचारलं.

"मऊ झाला," मी म्हटलं आणि खडा उचलून पदराच्या टोकात बांधला.

हात धुताना मी विचारलं, "शामकला, विम्याचा हप्ता भरता ना तुम्ही अजून?"

"भरतात ना पोट्टे. काऊन?"

"आन तुझ्या शाळेच्या दाखल्यावर नाव काय आहे?"

"सुलोचना. पन काऊन इचारून राहिली?"

मी तिचा गुंड तिच्याजवळ सरकवला. "काही नाही. हा नीट ठेव. आन आजपासून याले चिंच लावू नको."